लिंबूटिंबूचा नियम

करजबंदरच्या बचावकेंद्रात काम करणाऱ्यांचे पाय कधी ओले होत नसत. वादळ असो की उधाण, ती माणसं पंख्याखाली खुर्चीत बसायची. समोर भिंतभर पडदा आणि हातात खेळाची दांडी. हो, तीच दांडी, जी घेऊन पोरं घरोघर गाड्यांच्या शर्यती खेळतात. इकडे दांडी हलली की तिकडे खोल समुद्रात एक बिनमाणसाची होडी वळायची, बुडणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची, जाळं खाली सोडायची आणि माणूस उचलून किनाऱ्याला आणायची. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हा सगळा प्रकार बघून हसू यायचं. कोळीवाड्यातल्या बायकांना येत नसे, कारण त्यांची माणसं घरी परत यायला लागली होती.

हर्षाली चोगले ही केंद्रातली सगळ्यात जुनी चालक, आणि कोळीवाड्यातलीच पोर. लहानपणी खेळाच्या खुळापायी तिने बापाचा भरपूर मार खाल्ला होता, आणि त्याच खुळाने पुढे बापाच्या सोबत्यांना दर्यातून ओढून आणलं. गावाने तिला डोक्यावर घेतलं. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ तिच्या हातून दर्यात सुटायचा. हे सगळं कार्तिकातल्या वादळापर्यंत.

त्या दुपारी समुद्रात तिचा सख्खा धाकटा भाऊ अडकला होता, देवेश. होडी उलटली होती आणि तो एका पिंपाला धरून तरंगत होता. हर्षालीला तो पडद्यावर स्वच्छ दिसत होता, त्याने हातसुद्धा हलवला. तिने बचावहोडी त्याच्याकडे नेली, ती थोडी पुढे गेली म्हणून मागे वळवली, तेवढ्यात लाट आली आणि होडी देवेशच्या अंगावरून गेली. असे वळसे तिने आयुष्यभर घेतले होते. एकदाही चुकले नव्हते. चुकला तो हा.

तेव्हापासून ती खुर्चीत बसली नाही. देवेशची बायको अंकिता समोरच्याच घरात राहायची, तिने हर्षालीशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. हर्षाली दिसली की ती दार लावून घ्यायची, बस्स. अशा शिक्षेपुढे शिव्या परवडल्या.

शेवटी हर्षालीने एक वेडेपणा केला. रोज सकाळी यंत्र सुरू झालं की पडद्यावर आधी एक ओळ उमटायची: ‘पटांगण. रचना मृणालिनी खरवंडीकर.’ त्या बाईंचा नंबर तिने मिळवला आणि सरळ फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी हात चुकला की होडी चुकली?

मृणालिनीबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. निवृत्त होऊन श्रीरामपूरला एकट्या राहत, गुडघे दुखत, तोंड मात्र शाबूत. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, “मी येते. हे समोर बसून सांगायचं आहे.” आणि घाट उतरून खरंच आल्या.

आता हे पटांगण म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मृणालिनीबाईंच्या तरुणपणी खेळ लिहिणाऱ्यांचे फार हाल असत. एका कंपनीच्या फोनसाठी लिहिलेला खेळ दुसरीच्या फोनवर चालत नसे, घरातल्या पडद्याचं तंत्र वेगळं, डोळ्यांवर लावून खेळायच्या चष्म्याचं त्याहून वेगळं. म्हणजे एकच नाटक, पण प्रत्येक गावात तिथल्या बोलीत नव्याने लिहायचं. छोट्या माणसाने हे करायचं कधी? मग काही शहाण्यांनी मधल्या मधे एक दुभाषा उभा केला. त्याला म्हणायचं संग्रह. खेळ लिहिणाऱ्याने एकदाच, संग्रहाच्या भाषेत लिहायचं. कोणत्या यंत्राला ते कसं सांगायचं ही डोकेदुखी संग्रहाची. फायदा केवढा! श्रीरामपुरात दोन खोल्यांत बसून लिहिलेला खेळ जगभरच्या यंत्रांवर एकाच दिवशी सुरू. मृणालिनीबाईंचा संग्रह म्हणजे पटांगण.

पण दुभाषा म्हटला की त्याच्या मर्यादा आल्याच. सगळ्यांना समजेल तेवढंच तो बोलणार. एखाद्या महागड्या यंत्राला चार गोष्टी जास्त येत असल्या तरी बाकीच्यांना येत नाहीत म्हणून त्या बासनात. सगळ्यात मोठा घोळ व्हायचा तो वेगवेगळ्या यंत्रांवरची माणसं एकाच डावात उतरली की. कुणाचं यंत्र नवं नि चपळ, कुणाचं जुनं, धापा टाकणारं. मग करायचं काय? काही संग्रह सगळ्यांना जुन्या यंत्राइतकं हळू करत, सगळा डाव रखडायचा. काही त्या जुन्याला सरळ हाकलून देत.

मृणालिनीबाईंना हाकलणं मान्य नव्हतं. त्याला कारण त्यांचा भाऊ कौस्तुभ. त्याला दमा होता, चार पावलं पळाला की छाती भात्यासारखी वाजायची. पण खेळायला मात्र हवंच. मग कॉलनीतल्या पोरांनी तेच केलं जे आपल्याकडे सगळीच पोरं करतात. त्याला लिंबूटिंबू केलं. डबा ऐसपैसमध्ये तो लपायचा, ओरडायचा, पकडलाही जायचा, पण त्याच्यावर राज्य कधी येत नसे. त्याचं आउट होणं धरायचंच नाही. आणि यातली खरी मेख अशी की लिंबूटिंबूला हे कोणी सांगायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे, आपण सगळ्यांसारखेच खेळतोय.

हाच नियम बाईंनी पटांगणात घातला. जो गडी बाकीच्यांपेक्षा फारच मागे पडतो, त्याला गुपचूप लिंबूटिंबू करायचं. त्याची चाल धरायची नाही. त्याच्या वतीने डावच योग्य ती चाल करील, आणि त्याला दाखवायचं असं की ती त्यानेच केली. नियमाच्या पोटात एक कलमही होतं, तेही पोरांचंच: सगळे गडी निघून गेले आणि एकटा लिंबूटिंबूच उरला, तर तोच पक्का गडी. कोणीतरी खेळायला हवं ना!

नियम चांगला होता. मायेचा होता. जुनी यंत्रं घेऊन खेळणारी लाखो गरिबाघरची पोरं त्यामुळे खेळात राहिली. आणि पटांगण इतकं पसरलं की पुढे ते खेळापुरतं राहिलंच नाही. फुकट मिळतं, कुठल्याही यंत्रावर चालतं, मग काय, गाड्या त्याच्यावर, दवाखान्यातली शस्त्रक्रियेची यंत्रं त्याच्यावर, आणि करजबंदरच्या होड्याही त्याच्यावरच.

मृणालिनीबाई केंद्रात आल्या तेव्हा तिथे ड्यूटीवर प्राजक्ता नावाची नवी चालक होती, कॉलेजातून नुकतीच आलेली. बाईंनी तिला गोड बोलून चहाला पिटाळलं आणि हर्षालीला खुर्चीत बसायला सांगितलं. हर्षाली बसेना. बाईंनी तिचा दंड धरून बसवलं. समुद्र शांत होता, होडी सरावाला बाहेर काढली. डाव्या अंगाला कासवाच्या पाठीसारखा एक काळा खडक होता, सगळ्या कोळीवाड्याच्या ओळखीचा.

“त्या खडकावर घाल होडी,” बाई म्हणाल्या.

हर्षालीला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसावं. तिने समजावलं की तो खडक आहे, होडीच्या चिंधड्या होतील. बाई म्हणाल्या, होऊ देत, मी भरून देते, तू घाल. असं दोनतीनदा झालं. शेवटी हर्षालीने ओठ चावला आणि दांडी पुरती डावीकडे दाबली.

होडी उजवीकडे गेली. खडकाला सुरेख वळसा घालून पलीकडे निघाली.

हर्षालीने पुन्हा दाबली, दोन्ही हातांनी. होडी आपली शहाण्यासारखी खडकापासून अंतर राखून चाललेली. पडद्याच्या कोपऱ्यात चालकाच्या हाताची खूण दिसते, ती तिने बघितली. खूण उजवीकडे होती. हात डावीकडे, खूण उजवीकडे! तिने दांडी सोडूनच दिली, आणि होडी वळून धक्क्याच्या दिशेने येऊ लागली.

“हे कधीपासून?” तिने विचारलं.

मृणालिनीबाईंनी मग कौस्तुभपासून पोटातल्या कलमापर्यंत सगळं सांगितलं, काही न लपवता. पटांगणावर आधी फक्त माणसं खेळायची. पुढे यंत्रमेंदू आले, म्हणजे स्वतः विचार करणारी यंत्रं, आणि त्यांनाही पटांगणाने बाकीच्यांसारखं डावात घेतलं. बचावहोडीलाही असे यंत्रमेंदू मदतनीस म्हणून जोडले गेले. ते घाटावर पुण्याच्या बाजूला कुठेतरी एका मोठ्या इमारतीत बसतात आणि गावातल्या फोनच्या मनोऱ्यावरून होडीशी बोलतात. माणसाची पापणी लवते तेवढ्यात त्यांच्या हजार चाली होतात. आता अशा गड्यांच्या डावात सगळ्यात मागे पडणारा गडी कोण? नियम कोणी बदलला नाही. नियमाने आपलं काम इमानेइतबारे केलं. बाकीच्यांपेक्षा फार मागे असेल त्याला लिंबूटिंबू करा, म्हटलं होतं. त्याने माणसाला केलं. एका हर्षालीला नव्हे, पटांगणावर हात ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला.

आणि इतकी वर्षं हे कळलं कसं नाही? कळणार कसं? मुद्दाम खडकावर होडी कोण घालतो? माणूस वाचवायलाच दांडी धरतो. जिकडे जायचं तिकडेच होडी जायची, फक्त थोडी जास्त नेटकी. आपल्या हाताचा नेटकेपणा कोणाला संशयास्पद वाटतो? बाईंच्या ते लक्षात आलं होतं. पटांगण आता जे चालवतात त्या वरच्या मंडळींना त्यांनी सांगूनही पाहिलं होतं. वरून उत्तर आलं, अपघात कमी झालेत ना, मग तक्रार कसली?

हर्षाली भिंतीकडे बघत होती. भिंतीवर तिने वाचवलेल्या माणसांचे फोटो होते, ओली, कुडकुडणारी, हसणारी माणसं.

“म्हणजे यातला एकही माझा नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि देवेश?”

“तोही तुझ्या हातून गेला नाही. तुझा हात धरलाच जात नव्हता, हर्षाली. चुकली असेल तर यंत्रं चुकली.”

हेच सांगायला बाई एवढ्या लांब आल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, ही आता चिडेल, निदान आयुष्य लुटलं म्हणून रडेल तरी. हर्षाली रडली, पण वेगळंच रडली. पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. भिंतीकडे हात करून म्हणाली, “हे सगळे घ्या परत. सत्कार घ्या, शाली घ्या, नारळ घ्या. माझा भाऊ मी मारला नाही, एवढंच मला ठेवा.”

आणि तशीच, डोळेसुद्धा न पुसता, ती उठली आणि अंकिताच्या दारात गेली.

दार पहिल्यांदा उघडलं नाही. मग बाई पुढे झाल्या आणि बंद दाराशीच बोलायला लागल्या. म्हातारं माणूस दाराशी एकटंच बडबडतंय म्हटल्यावर अंकिताला राहवलं नाही. तिने दार उघडून ऐकून घेतलं. तिला पटांगण कळलं नाही, यंत्रमेंदू कळले नाहीत, पण नणंदेचा हात त्या दिवशी होडीवर नव्हताच, एवढं कळलं. ती एकदम हर्षालीच्या गळ्यात पडली. बाईंनी चष्मा पुसायला काढला. आयुष्यात संग्रह लिहून त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अंकिताने मग कोणाला उठू दिलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, बांगड्याचं कालवण केलं, आणि वाढता वाढता इतक्या दिवसांचं साठलेलं बोलत सुटली. दार हर्षालीवर लावलं खरं, म्हणाली, पण राग निम्मा स्वतःवरच होता. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं तिने पाहिलं होतं. देवेश दर्यात आत गेला तेव्हा ती त्याला फोन लावायला धावली, मागे फिर म्हणून सांगायला. फोन लागेचना. गावात कोणाचाच लागत नव्हता. वीज पडून मनोरा आधीच जळाला होता.

मृणालिनीबाईंचा घास हातात राहिला.

मनोरा जळाला होता. म्हणजे घाटावरचे यंत्रमेंदू त्या दिवशी डावातून गेलेले. एकजात सगळे. केंद्राचा होडीशी स्वतःचा रेडिओ असतो, छपरावर काठी असते त्याची. त्याचा मनोऱ्याशी संबंध नाही, तो चालू होता. म्हणून तर पडदा दिसत होता, देवेश दिसत होता. होडीच्या डावात त्या दुपारी एकच गडी उरला होता. आणि पोटातलं कलम काय सांगतं? एकटा लिंबूटिंबूच उरला, तर तोच पक्का गडी. आणि लिंबूटिंबूला ते सांगायचं नाही.

अरे देवा! आयुष्यात एकदाच या पोरीचा हात धरला गेला, आणि तो नेमका त्या दुपारी. तोही कसला हात? इतकी वर्षं दुसऱ्याने सावरून घेतलेला, कधी चुकू न दिलेला, म्हणून काहीच न शिकलेला. त्याला वाटत होतं आपल्याला वळसा घेता येतो.

बाईंना कौस्तुभ आठवला. एकदा सगळी पोरं टीव्हीवर मॅच बघायला पळाली आणि ही दोघं भावंडंच उरली, म्हणून त्याच्यावर राज्य आलं. पहिल्यांदाच. शोधायचं कसं, डबा राखायचा कसा, त्याला काहीच येत नव्हतं. डब्यावर पाय ठेवून तो नुसता उभा राहिला आणि रडायला लागला.

अंकिताने विचारलं, काय झालं, कालवण तिखट झालं का? बाई म्हणाल्या, नाही ग, छान झालंय. आणि घास तोंडात घातला. समोर हर्षाली भाकरी मोडत होती. ती आता मोडायची थांबली होती आणि बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

जेवणं झाली. हर्षाली बाईंना गाडीपर्यंत सोडायला निघाली. वाटेत बचावकेंद्राच्या पायऱ्या लागतात, तिथे ती थांबली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

“मॅडम, मनोरा आधीच जळाला होता,” ती म्हणाली. “मग त्या दिवशी राज्य कोणावर होतं?”

बाईंचं आयुष्य यंत्रांना अचूक सूचना देण्यात गेलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं कोसळतं हे त्यांना कळत होतं. त्यांनी मागे वळून अंकिताच्या घराकडे पाहिलं. अंकिता दार सताड उघडं टाकून ओट्यावर भांडी घासत बसली होती.

“यंत्रांवरच,” बाई म्हणाल्या. “त्यांना दुसरीही एक वाट असते. उपग्रहावरून. तुला नाही ठाऊक असायचं.”

हर्षालीने मान हलवली. मग तिने विचारलं, “तुमच्या भावाला कधी सांगितलंत? तो लिंबूटिंबू होता म्हणून?”

“नाही सांगितलं. तो गेला तोवर नाही.”

“त्याला माहीत होतं, मॅडम.” ती शांतपणे म्हणाली. “लिंबूटिंबूला कळतंच. तो आपला तुमच्यासाठी खेळत असतो.”

तेवढ्यात केंद्रातून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पडदा दिसत होता. पर्यटकांची एक छोटी नाव आत वाहवत गेली होती आणि प्राजक्ताने बचावहोडीवर एका माणसाला उचलून घेतलं होतं. तिचा पहिलाच. ती खुर्चीतून उठून नाचत होती, दांडी अजून हातातच, डोळ्यांत पाणी. तिने खिडकीत हर्षालीला पाहिलं आणि ओरडली, “ताई, बघितलंत? मी वाचवला!”

बाईंनी हर्षालीकडे पाहिलं. आता ही सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं त्यांना वाटलं.

हर्षालीने दोन्ही हात वर केले आणि जोरात टाळ्या वाजवायला लागली.